पिकअपला मागचे शॉकअप कुठले टाकावेत (आणि "गॅसचे टाक, गाडी बसायची थांबते" यात किती खरं)

मणेराजुरीकडच्या एका भावानं विचारलंय. १.७ टनवाली बोलेरो पिकअप, सीझनला द्राक्षं भरून वाशी मार्केटला जातो, येताना बऱ्याचदा रिकामा. मागचे दोन्ही शॉकअप तेल सोडायला लागलेत, माल भरला की गाडी मागनं लै बसते, आणि दुकानदार म्हणतोय हेवी ड्युटी गॅसचे टाका, बसायची बंद होईल. तर कुठले घेऊ, आणि महागातले घेतले तर पैसे वसूल होतील का.

भावा, मी मिरजेत पिकअप, टेम्पो, छोटे ट्रक यांच्या पाट्यांची (म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची) आणि शॉकअपची कामं करतो, सव्वीस वर्षं झाली, आणि हा प्रश्न दर द्राक्ष सीझनच्या तोंडावर येतोच. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

पहिलं म्हणजे तुझ्या गाडीला दोन वेगळे आजार आहेत आणि दुकानदार एकाच गोळीत दोन्ही बरे करायला निघालाय. गाडी बसते तो आजार पाट्यांचा. गाडी खड्ड्यातनं निघाल्यावर तीनतीनदा वरखाली होते, वळणावर मागनं झुलते, तो आजार शॉकअपचा. वजन पाटे उचलतात. शॉकअप वजन उचलतच नाही, त्याचं काम पाट्याला एकदा दबून सुटल्यावर परत परत नाचू न देणं एवढंच. आत एक पिस्टन, त्याला बारीक भोकं आणि पातळ पत्र्यांचे व्हॉल्व, भोवती तेल. पिस्टन हलला की तेल त्या भोकातनं कष्टानं जातं आणि तो कष्ट म्हणजेच ब्रेक. जेवढ्या वेगानं हलवशील तेवढा विरोध जास्त, आणि हललाच नाही तर विरोध शून्य. विश्वास बसत नसेल तर गाडी भरून सपाट जागेवर उभी कर, चाकांना दगड लाव, मागच्या तेलाच्या शॉकअपचा खालचा बोल्ट काढ. गाडी एक बोटभरपण खाली जाणार नाही.

आता दुकानदार म्हणेल हे तेलाच्या शॉकअपचं झालं, गॅसचं वेगळं असतं. थोडं वेगळं असतं, पण किती ते हिशोब करून बघ. गॅस म्हणजे नायट्रोजन, तो आतनं रॉडला बाहेर ढकलतो, आणि ढकलायला त्याला जागा मिळते फक्त रॉडच्या जाडीएवढी. रॉड १४ मिलीमीटरचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण दीड चौरस सेंटीमीटर. मोनोट्यूबमध्ये, म्हणजे एकाच जाड नळीच्या गॅस शॉकअपमध्ये, प्रेशर २५ बारच्या आसपास असतं, म्हणजे चौरस सेंटीमीटरला पंचवीस किलो. गुणाकार केला की एका शॉकअपचे ३८-३९ किलो होतात, दोन्ही मिळून पंचाहत्तर-ऐंशी, आणि शॉकअप तिरका बसवलेला असतो म्हणून त्यातलेपण काही वाया. साध्या ट्विनट्यूब (नळीत नळी असलेल्या) गॅसमध्ये तर प्रेशर चार-पाच बारच असतं, तिथं एकाचे सहा ते आठ किलो. सतराशे किलो मालापुढं हे काय? एक क्लीनर खाली उतरवलास तरी तेवढाच फरक पडेल.

मग गॅस भरतात कशाला? गॅसचं काम तेलाला दाबून ठेवायचं. खराब रस्त्यावर पिस्टन एवढ्या पटापट हलतो की तेलात फेस होतो, आणि फेसातनं पिस्टन असा जातो की जसं काही अडवायला कोणी नाहीच. त्यात हलण्याची सगळी ताकद उष्णतेत बदलते, तेल तापतं, पातळ होतं. म्हणून तासगावातनं निघताना बरी वाटणारी गाडी दीड-दोन तासांनी कराडच्या पुढं पाण्यातल्या होडीसारखी डुलायला लागते. ज्यांनी सांगली-पेठ रस्ता त्याच्या वाईट दिवसांत भरल्या गाडीनं रोज केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. गॅस असला की फेस होणं लांबतं. हा फायदा खरा आहे आणि तुझ्यासारख्या लांब पल्ल्याला तो घेण्यासारखा आहे, फक्त त्याला गाडी उचलायचं काम सांगू नकोस.

आता बसण्याकडं बघू, कारण ते केल्याशिवाय शॉकअपचं माप घेण्यात अर्थ नाही. रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी कर, मागच्या चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर हौद्याच्या कडेपर्यंत टेप लाव, दोन्ही बाजूला. एका बाजूला दीड-दोन सेंटीमीटर कमी भरलं तर त्या बाजूचा पाटा तुटलाय का बघ, बऱ्याचदा मधला तुटलेला असतो आणि चिखलामुळं दिसत नाही, तारेच्या ब्रशनं घासल्यावर कळतं. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील तर पाट्यांची कमान गेली, ते सरळ झालेत. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे, बुशपण बघ. आणि मग भरलेली गाडी काट्यावर घे. पूर्ण वजन घेच, पण जमलं तर नुसती मागची चाकं काट्यावर ठेवून तेवढंच वजन वेगळं घे, आणि आरसी बुकातल्या आकड्यांशी ताडून बघ. माझा अनुभव असा की "गाडी बसते" म्हणणाऱ्या दहातल्या निम्म्या गाड्या बसत नाहीत, त्यांना बसवलेलं असतं. तू म्हणशील सगळेच टाकतात दोन-चारशे किलो वर. टाकतात. पण आता मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ओव्हरलोडचा दंड वीस हजारापासून सुरू होतो आणि वर जादा टनाला दोन हजार. आणि दंड राहू दे, तेवढ्या वजनावर कुठलाच शॉकअप जन्मभर टिकत नाही, मग दुकानदाराला शिव्या देऊन काय होणार.

पाट्यांना परत कमान मारून घे नाहीतर सेट बदल. जादा पाटा टाकायचाच असेल तर टाक, पण त्याच्या तीन भानगडी आधी ऐकून घे. एक, रिकामी गाडी कडक होणार, येताना कंबर बोलणार. दोन, मागच्या एक्सलपाशी एक ब्रेकचा व्हॉल्व असतो, त्याला दांडी किंवा स्प्रिंग जोडलेली असते, बऱ्याच पिकअपना आहे. गाडी किती बसलीय त्यावरनं तो ठरवतो की मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा. तू पाटा वाढवून गाडी उचललीस की त्या व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. वाशीच्या वाटेवर खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावर उतारावर जे एस वळण आहे, तिथं किती गाड्या पलट्या झाल्यात ते आपल्या भागातल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहितेय. तर पाटा वाढवला की ती दांडी सेट करून घ्यायचीच, आणि ज्याला ती दांडी कशासाठी आहे हे माहीत नाही त्याच्याकडं पाट्याचं काम करू नकोस.

तिसरी भानगड शॉकअपच्या लांबीची, आणि ही मी स्वतः खाल्लेली आहे. धंद्यात नवीन होतो, कोंबड्या वाहणाऱ्या एका पिकअपला दोन्हीकडं एकेक पाटा वाढवला, जुन्या मापाचेच नवे शॉकअप टाकले, गाडी मस्त उचलली, मालक खूश. पंधरा दिवसांत परत आला तर चासीवरचा वरचा ब्रॅकेट मुळापासनं फाटलेला. झालं असं की गाडी वर गेल्यामुळं रिकामी असतानाच शॉकअप जवळजवळ पूर्ण लांबलेला असायचा. खड्ड्यात चाक खाली लोंबलं की पाटा थांबायच्या आधी शॉकअपच ताणून थांबायचा आणि सगळ्या एक्सलचं वजन त्या ब्रॅकेटला झटका देऊन लटकायचं. चूक पूर्ण माझी. वेल्डिंग माझ्या खर्चानं केलं आणि त्या दिवसापासनं टेप घेतल्याशिवाय मी शॉकअपची ऑर्डर देत नाही.

ते माप कसं घ्यायचं ते सांगतो. चासीला जॅक लावून मागची चाकं पूर्ण लोंबू दे, खाली घोडी लाव, नुसत्या जॅकवर आत शिरू नकोस. शॉकअप काढलेला पाहिजे. मग वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोज, ही झाली लांबलेली लांबी. नवा शॉकअप पूर्ण ओढल्यावर यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त भरला पाहिजे. नंतर गाडी भरलेली असताना परत तेच मोज, आणि एक्सलच्या वरचा रबरी स्टॉपर आणि एक्सल यातलं अंतर मोज. खड्ड्यात ते अंतर पूर्ण संपतं आणि रबरपण दबतं, त्यामुळं भरल्या मापातनं ते अंतर आणि रबराचं दबणं वजा कर, उरलेल्या मापातसुद्धा नवा शॉकअप आतनं ठोकता कामा नये. पूर्ण दाबलेली लांबी त्याहून दोन सेंटीमीटर तरी कमी हवी. स्टॉपर गळून पडलेला असेल, आणि जुन्या गाड्यांना तो हमखास नसतोच, तर आधी तो बसव. तो नसला की शॉकअपच स्टॉपर होतो. दोन-तीनशेच्या रबरासाठी लोक हजारोंचा माल फोडतात.

बोल्टची जाडी, बुशची रुंदी, वर डोळा (बोल्ट जायचं गोल कडं) आहे का खिळा (आटे पाडलेला दांडा), हे जुना पीस नेऊन जुळवायचं, यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही. फक्त काही गाड्यांना एका बाजूचा शॉकअप एक्सलच्या पुढं आणि दुसऱ्या बाजूचा मागं असतो, तिथं दोन्ही पीस सारखे आहेत असं धरून चालू नकोस, पार्ट नंबर दोन्हीचा बघ.

आता कुठला घ्यायचा. तीन प्रकार समज. साधा तेलाचा ट्विनट्यूब, म्हणजे नळीत नळी. तोच पण हलका गॅस भरलेला. आणि मोनोट्यूब, एकच जाड नळी, आत वेगळ्या कप्प्यात जोरदार प्रेशरचा गॅस. मोनोट्यूब ही काही आजची जादू नाही, जर्मनीच्या बिल्स्टीन कंपनीनं १९५७ ला मर्सिडीजला दिली होती. ती थंड राहते कारण तेलाच्या नळीला थेट हवा लागते, आणि उलटीसुद्धा बसवता येते. मग मी तुला तीच का नाही सांगत? कारण तुझी गाडी बागेत जाते. मोनोट्यूबमध्ये पिस्टन ज्या नळीत फिरतो तीच बाहेरची नळी, मुरमाच्या रस्त्यावर एक दगड बसून पोचा पडला की पिस्टन तिथं अडकतो आणि शॉकअप संपला. ट्विनट्यूबला बाहेर पोचा पडला तरी आतली नळी शाबूत असते, कित्येक वर्षं पोचा घेऊन चालणारे मी बघितलेत. वर किंमत कितीतरी पट. थारवाल्यानं, इसुझूवाल्यानं हौसेनं बाहेरचे बिल्स्टीन नाहीतर ओल्ड मॅन इमू टाकले तर टाकू देत, त्यांना द्राक्षाचा भाव बघायचा नसतो.

तुझ्यासाठी माझं मत, हलक्या गॅसचा ट्विनट्यूब, तुझ्याच मॉडेलच्या आणि तुझ्याच टनेजच्या पार्ट नंबरचा. टनेज मुद्दाम सांगतोय, कारण एकाच नावाच्या पिकअपमध्ये टन बदलला की पाटे बदलतात आणि पाटे बदलले की शॉकअपचा व्हॉल्व बदलू शकतो, लांबी मात्र सारखी असू शकते, त्यामुळं बसतो म्हणजे चालतो असं नाही. गाडी कंपन्या शॉकअप स्वतः बनवत नाहीत, गॅब्रिएलसारख्यांकडनं घेतात, त्यामुळं कंपनीच्या डब्यातला घे नाहीतर गॅब्रिएल, मनरो असल्या नावाचा बाजारातला घे, मी त्यात वाद घालत बसत नाही. साधा तेलाचा चालणारच नाही असंही नाही, विटा-सांगली-विटा एवढंच करणाऱ्याला मी आजही तोच देतो.

"हेवी ड्युटी" या शब्दावर मात्र जाऊ नकोस. तो शब्द कुणीही डब्यावर छापतो. विचारायचं असेल तर पिस्टन किती मिलीमीटरचा ते विचार. ३० चा पिस्टन ३५ केला की क्षेत्रफळ सात चौरस सेंटीमीटरवरनं साडेनऊच्या वर जातं, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढलं, तेवढीच अडवणूक कमी प्रेशरमध्ये होते, तेल जास्त मावतं आणि शॉकअप कमी तापतो. हे खरं हेवी. बाहेरनं जाड दिसणं म्हणजे हेवी नव्हे, ट्विनट्यूबची बाहेरची नळी जाड करून आत तोच बारका पिस्टन ठेवता येतो आणि ठेवतातही.

आणि जेवढा कडक तेवढा चांगला हे तर डोक्यातनं काढूनच टाक. शॉकअपला दोन दिशा असतात, दबताना आणि सुटताना. सुटतानाचा विरोध जास्त ठेवलेला असतो कारण दबलेला पाटा जोरात उसळतो त्याला धरायचं असतं. पाटे वाढवलेस तर हा सुटतानाचा विरोध थोडा वाढलेला हवा. पण दबतानाचापण कडक घेतलास तर प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट हौद्यात जाणार, आणि तुझ्या हौद्यात सिमेंट नाही, द्राक्षं आहेत. क्रेटमध्ये मणी गळाले की वाशीत भाव कोण देणार? परत येताना घाट रिकाम्या गाडीनं चढशील तेव्हा मागचं चाक रस्त्यावर टिकणार नाही, पावसात वळणावर मागची बाजू सरकेल ती वेगळीच. एकदा एकानं बटन फिरवून कमी-जास्त करायचे शॉकअप लावून घेतले, भरल्यावर कडक, रिकामी झाली की मऊ. पहिले आठ दिवस फिरवलं. नंतर सर्व्हिसला आला तेव्हा बटनावर शेणमातीचा थर, बटन कुठंय तेच सापडेना.

तुझे शॉकअप खरंच गेलेत का हेही एकदा बघून घे. रॉडपाशी नुसती तेलकट धूळ असेल तर तो गेला असं नाही, सीलमधनं थोडं तेल रॉडला लागून येतंच. अंगावरनं ओघळ आला, खाली थेंब पडतोय, तर गेला. गाडी दाबून सोडायची आणि किती हलते बघायचं हा प्रकार कारला ठीक, पिकअपचे पाटे एकमेकांवर घासून स्वतःच थांबतात म्हणून त्यात काही कळत नाही. मी करतो ते असं, खराब रस्त्यावर वीसएक किलोमीटर चालवून आणायची आणि लगेच चारही शॉकअपजवळ हात न्यायचा, जपून, चांगला तापलेला असतो. दोन्ही मागचे सारखेच तापलेले पाहिजेत. एखादा थंडगार असेल तर तो कामच करत नाहीये, त्याच्या वाटणीचं दुसरा करतोय. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खोलगट घासलेले ठिपके असतील तरी संशय पहिला शॉकअपवर. बदलायचे ते एका एक्सलचे दोन्ही, एक नवा एक जुना करू नकोस.

स्वस्तातल्या दोन गोष्टींपासून लांब राहा. एक, रंग मारलेले डुप्लिकेट. मलाच एका दुकानातनं एकदा डबा, होलोग्राम, सगळं बरोबर असलेला माल मिळाला होता, हातात घेतल्यावर जुन्यापेक्षा हलका लागला म्हणून वजनकाट्यावर ठेवला तर दोन पिसांच्या वजनातच फरक. तेव्हापासनं नवा-जुना दोन्ही तोलतो. दुसरं, नळीला भोक पाडून तेल भरून वेल्ड मारलेले रिपेअरचे. तेलाच्या शॉकअपला ते दोन महिने चालतं. गॅसच्या शॉकअपला भोक पाडायला किंवा गॅस कटर लावायला जाऊच नका कोणी, आत प्रेशर आहे, बाजूला उभ्या माणसाच्या तोंडावर येतं.

बसवताना ट्विनट्यूब आधी उभा धरून, रॉड वर करून, पाच-सहा वेळा पूर्ण दाबायचा-ओढायचा. डब्यात आडवा पडून आतल्या नळीत हवा शिरलेली असते, पहिले दोन झटके पोकळ जातात, मग भरतो. हे न करता बसवलेला नवा शॉकअप खडखड करतो आणि लोक तो खराब म्हणून परत आणतात. डोळ्याच्या बुशचे बोल्ट हाताएवढेच आवळून ठेव, गाडी चाकांवर खाली सोड, मग कसून टाईट कर. चाकं लोंबताना टाईट केलंस तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. वर खिळा असेल तर रबर वायसरच्या कडेपर्यंत फुगलं की थांब, चेपून भाकरी करू नकोस.

पाट्याचं काम केलंस तर पाचशे किलोमीटरनं यू बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे) परत आवळून घे, नवे पाटे एकमेकांत बसले की ते सैल होतात आणि पाट्यांच्या मधोमधचा सेंटर बोल्ट कातरून एक्सल सरकतो. शक्यतो सीझन सुरू व्हायच्या महिनाभर आधीच कर हे सगळं, ऐन फेब्रुवारीत माझ्याकडं काय, कुणाकडंच पाट्याला नंबर लागत नाही. दोन्ही मापं आणि मागच्या एक्सलचं काट्याचं वजन घेतलंस की इथंच टाक, आरसीवरचा मॉडेल पण लिही, पार्ट नंबर मी बघून सांगतो.